वाटेवरची नवलं

मंडळी, सुरुवात एका कुंपणापासून करतो. ज्या रस्त्याने मी बारा वर्षं कामावर जात-येत होतो, त्या रस्त्यावर एका घराची बुटकी भिंत आहे. त्या भिंतीत फुटक्या कपांचे कान बसवलेत. शेकड्यांनी. निळे, पिवळे, सोनेरी कडेचे. एक तर तान्ह्या बाळाच्या पेल्याचा, करंगळीएवढा. मला ते दिसले बाहेरगावच्या एका पाहुण्यामुळे. तो म्हणाला, "अरे थांब, थांब, हे काय आहे?" तेव्हा कुठे मी तिथे गाडी थांबवली.

जवळच्या गोष्टींचं असंच होतं. लांबच्या ठिकाणासाठी रजा टाकलेली असते, तिकीट काढलेलं असतं, म्हणून तिथे जाणं होतं. घराजवळचं मात्र "बघू कधीतरी" म्हणून राहून जातं. पण नुसतं "बघून या" एवढंच सांगायला मी उभा नाही. अशी ठिकाणं टिकतात ती शेजाऱ्यांच्या जिवावर टिकतात. त्यांनी पाठ फिरवली, की संपलं.

फ्रान्समधल्या ओतरिव गावच्या फर्दिनांद शव्हाल या पोस्टमनचं उदाहरण घ्या. रोज तीसेक किलोमीटर पायी टपाल वाटायचं हे त्यांचं काम. 1879 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते एका दगडाला अडखळले. दगड इतका चमत्कारिक आकाराचा होता, की त्यांनी तो जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेले, तर आणखी सुंदर दगड सापडले. आधी खिशातून, मग टोपलीतून, मग हातगाडीवरून दगड घरी येऊ लागले. रात्री दिव्याच्या उजेडात बांधकाम चालायचं. गावाने त्यांना वेडा ठरवलं. तेहतीस वर्षांनी, 1912 साली, सव्वीस मीटर लांबीचा महाल उभा राहिला. त्यात शव्हालांनी आपल्या हातगाडीलाही एक कोनाडा दिलाय. मला त्या सगळ्या महालात तो कोनाडा सर्वांत मोठा वाटतो.

लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागातले मनोरे 1921 ते 1954 या काळात एकट्या सायमन रोडियांनी बांधले. इथेही तेहतीस वर्षं! इटलीहून आलेला हा कष्टकरी माणूस. रेल्वेरुळांलगतच्या तिकोनी तुकड्यावर दिवसभराची मजुरी आटोपून तो काम करायचा. लोखंडी सळया वाकवायच्या, तारेच्या जाळीने बांधायच्या, वर सिमेंटचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यात शिंपले, फरशांचे तुकडे, हिरव्या बाटल्यांचे बूड दाबून बसवायचे. वेल्डिंग नाही, बोल्ट नाहीत, परांची नाही. कमरेला पट्टा, हातात बादली, आणि आपणच बांधलेल्या कड्यांवर पाय ठेवत वर चढायचं. सर्वांत उंच मनोरा तीसेक मीटरचा आहे. आजूबाजूची पोरं घरातली फुटकी भांडी आणून द्यायची. रोडियांनी त्या जागेला नाव दिलं होतं "नुएस्त्रो पुएब्लो", म्हणजे "आपलं गाव". पोरांच्या घरची भांडी त्या भिंतींत आहेत, हे कळल्यावर ते नाव किती नेमकं आहे ते लक्षात येतं.

1955 मध्ये रोडिया ती जागा शेजाऱ्याला देऊन निघून गेले. पुढे शहराने मनोरे धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. तेव्हा काही नागरिक एकत्र आले आणि म्हणाले, आधी ताकद तपासा. 1959 च्या ऑक्टोबरमध्ये मनोऱ्यावर दहा हजार पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार हजार किलोंचा ताण दिला. मनोरा पडला नाही. ताण देणारी यंत्रणाच थकली. तो आजही उभा आहे.

अमेरिकेतल्या मार्गेटची हत्तीण ल्यूसी 1881 साली जेम्स लॅफर्टींनी उभारली ती चक्क जमिनीचे प्लॉट खपवायला. लाकडाची, वरून पत्रा मढवलेली, सहा मजली. नव्वद वर्षांत ती मोडकळीला आली, जागाही विकली गेली. गावकऱ्यांनी समिती काढली, दारोदार पैसे जमवले आणि 1970 मध्ये अख्खी हत्तीण उचलून दुसऱ्या जागी नेली. रस्त्याकडेच्या कितीतरी नवलांचा जन्म असाच, वाटसरूला थांबवून काहीतरी विकण्यासाठी झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरचं 1964 सालचं अवाढव्य केळंही त्यातलंच. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आणि आपले नेकचंद. फाळणीत घर सोडून आलेले, चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. नवं शहर उभारताना जी गावं पाडली, त्यांच्या ढिगाऱ्यातल्या फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा उचलून त्यांनी जंगलातल्या घळीत गुपचूप एक राज्य वसवलं. सरकारी जमीन, परवानगी नाही. पत्ता लागला तेव्हा ते पाडणं नियमात बसत होतं. पण लोक पाहायला लोटले, आणि 1976 मध्ये रॉक गार्डन सगळ्यांना खुलं झालं. पुढे बुलडोझर आले, तेव्हाही लोकच आडवे उभे राहिले.

आता तुमच्या रस्त्याकडे या. एक दिवस नेहमीची वाट पायी चाला. गाडीतून अर्ध्या गोष्टी दिसतच नाहीत. काही विचित्र दिसलं तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. दार वाजवा, विचारा: कुणी केलं, कधी केलं, कशाचं आहे? दार उघडलं नाही तर पुन्हा जा. या माणसांना बहुधा कुणी विचारलेलंच नसतं.

मी गेलो. त्या कपांच्या भिंतीच्या मालकीणबाई सत्तरीच्या आहेत. एकेका कानावर बोट ठेवून त्या सांगत होत्या: हा सासूबाईंच्या हातून फुटला, हा मुलाने आपटला, हा बाळाचा, त्याला आता स्वतःची मुलं आहेत. अर्धा तास आम्ही उन्हात उभे होतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक कप फुटला. त्याचा कान धुऊन, कागदात गुंडाळून ठेवलाय. रविवारी नेऊन द्यायचा आहे.