वलंदेज: वेंगुर्ल्याच्या वखारीतला एक शब्द

(वेंगुर्ले बंदर, सकाळ. होड्या. मग बाजारपेठ.)

वेंगुर्ल्याच्या बाजारात रस्ता विचारला की उत्तर चटकन मिळतं. "डच वखार? ह्या वाटेन सरळ जावा."

सरळ गेलो.

(वखारीच्या भिंती, मुळं. कॅमेरा हळूहळू वर.)

छप्पर कधीच गेलंय. भिंतींनी मुळांना धरलंय की मुळांनी भिंतींना, हे जवळ जाऊनही कळत नाही. १६३७ साली इथे व्यापार मांडला गेला, तेव्हा वेंगुर्लं आदिलशाहीत होतं. मालाइतकीच जागाही मोक्याची होती. गोवा हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करायची, तर आरमाराला पाणी, रसद, बातमी देणारं ठिकाण जवळ हवंच.

(रिकाम्या खिडकीची चौकट.)

पण त्या काळच्या माणसाला "डच वखार कुठे?" असं विचारलं असतं, तर तो तोंडाकडे बघत राहिला असता. त्याच्या ओळखीचा शब्द होता वलंदेज.

पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला म्हणतात 'ओलांदेश'. लिहिताना सुरुवातीला 'ह' असतो, बोलताना तो गिळतात. आपल्या कानांनी 'ओ'चा 'व' केला आणि शब्द मराठी झाला. बंगालीत तोच ओलंदाज, सिंहलीत लांदेसी. पोर्तुगीज शंभर वर्षं आधी आलेले, त्यामुळे मागून येणाऱ्यांची ओळख त्यांनीच करून दिली. म्हणजे गंमत बघा, वलंदेजांना या किनाऱ्यांवर नाव मिळालं ते त्यांच्या हाडवैऱ्याच्या तोंडून!

'इंग्रज' हा शब्दही त्याच वाटेनं आला, पोर्तुगीज 'इंग्लेश'वरून. तो आपण अजून रोज वापरतो.

(आज्ञापत्राचं छापील पान. ओळीवरून फिरणारं बोट.)

हे बोट जिथे थांबतं, ती ओळ वाचा. १७१५च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभाराची शिकवण लिहिली, तेच हे आज्ञापत्र. त्यात साहुकारांच्या प्रकरणात ही सगळी मंडळी रांगेनं उभी आहेत: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, फरासीस फ्रेंच, डिंगमार डेन्मार्कचे. आणि सगळ्यांना मिळून एकच नाव, टोपीकर. पंतांना पाचही जण वेगवेगळे ओळखता येत होते, तरी नजर डोक्यावरच्या टोपीवर गेलीच.

पंत म्हणतात, हे व्यापार करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशी यांची राज्यं आहेत. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नका. आत, सखल जागी, गावाच्या नजरेखाली द्या. आणि पक्की इमारत बांधू देऊ नका.

(पुन्हा वखार. भिंतीची जाडी.)

ही त्याआधीची. आणि चांगलीच पक्की.

पुढे १८२४च्या तहानं हिंदुस्थानातली उरलीसुरली ठाणी इंग्रजांकडे गेली आणि वलंदेज या देशातून उठले.

(पुस्तकांच्या कपाटावरून सरकणारा कॅमेरा.)

माणसं गेली तसा शब्दही मागे पडला. इंग्रजी पुस्तकांतून 'डच' आला आणि ठाण मांडून बसला. आज वलंदेज भेटतो तो बखरींत, जुन्या पत्रांत आणि इतिहासाच्या अभ्यासकांच्या बोलण्यात. कुणी म्हणेल, बरंच झालं, हॉलंड म्हणजे काही अख्खा देश नव्हे. खरंय. नेदरलँड्सच्या १२ प्रांतांपैकी फक्त दोघांच्या नावात हॉलंड आहे, आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारनेही देशाच्या प्रसिद्धीतून ते नाव काढून टाकलं. पण मग 'डच' तरी कुठे नेमका? तो जर्मनांच्या 'डॉइच'चा सख्खा भाऊ. ते लोक स्वतःला म्हणवतात नेदरलांडर. दोन्ही नावं परक्यांनीच ठेवलेली. त्यातलं एक निदान आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर घासून घासून गुळगुळीत झालेलं. आणि त्यात शिवी नाही. 'फिरंगी' म्हणताना ओठ थोडा मुडपतो, तसं 'वलंदेज' म्हणताना होत नाही. एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

(मासळी बाजार. पाट्या, बर्फ, सुरमई.)

परतताना बाजारात एका मावशींना विचारलं, "मावशी, वलंदेज माहीत आहे का?"

पाटीवरचं पाणी झटकत त्या म्हणाल्या, "ह्यो खंयचो मासो?"