घर आपले, जमीन दुसऱ्याची, कर्ज कशाच्या भरवशावर?

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांनी जमिनीसकट घर घेतले आणि तीस वर्षांच्या हप्त्यांत आपण सुखाने अडकलो. (हशा) याच देशात लक्षावधी कुटुंबे कारखान्यात बांधलेले घर विकत घेतात आणि ते दुसऱ्याच्या मालकीच्या पार्कात, म्हणजे अशा घरांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वसाहतीत, बसवतात. त्यांचे कर्ज महाग का पडते, हा आजचा विषय आहे. घर तकलादू असते म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते खरे कारण जमिनीवरच्या कच्च्या हक्कात आहे.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या सुमारास दक्षिणेकडच्या एका राज्यात असे घर घ्यायचे ठरवले. आयुष्यात एकही हप्ता न चुकवलेला माणूस, परंतु बँकेतल्या बाईंनी "जमीन कोणाची?" असे विचारले आणि "पार्कमालकाची" हे उत्तर ऐकताच अर्ज सौजन्याने परत केला. अखेर विक्रेत्याने सुचवलेल्या सावकारी कंपनीकडून त्यांना चॅटल लोन, म्हणजे जंगम मालमत्तेवरचे कर्ज, मिळाले. घराच्या मालकीचा कागद घ्यायला आम्ही दोघे वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेलो. आमच्यापुढे मोटारसायकलवाला एक तरुण होता आणि खिडकीवरच्या कारकुनाने आम्हा दोघांनाही, त्याला विचारले तितक्याच निर्विकारपणे, सिरियल नंबर विचारला. घराची पीयूसी कधी करायची, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण तो विनोद त्या कार्यालयात वाया गेला असता.

यात कारकुनाचा दोष नाही. १५ जून १९७६ पासून ही घरे केंद्र सरकारच्या बांधकाम संहितेनुसार बनतात आणि त्या संहितेने त्यांखालची चॅसी, म्हणजे गाडीसारखा सांगाडा, कायम ठेवणे सक्तीचे केले; म्हणून त्यांची नोंद वाहनासारखी होते. प्रत्यक्षात घर एकदा बसवले की ते हलवायला हजारो डॉलर लागतात आणि बहुतेक घरे जागची हलतही नाहीत. पार्कमालकाने भाडे वाढवले की घरमालक मुकाट्याने देतो, कारण घर उचलून न्यायचे कुठे? (भारतातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेपट्टेदाराला आपले बांधकाम काढून नेण्याची मुभा दिली आहे, काढून नेणारा मी अजून पाहिलेला नाही.) ही अगतिकता कर्ज देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि तो ती व्याजात धरतो. केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या २०१४ च्या अहवालानुसार अशा कर्जाचा व्याजदर मॉर्गेजपेक्षा, म्हणजे स्थावर मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या कर्जापेक्षा, अर्धा ते पाच टक्के-अंकांनी जास्त असतो. ८०,००० डॉलरचे कर्ज साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ५०६ डॉलर येतो, नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर ७२०. जागेचे भाडे त्यावर वेगळे. हप्ते थकले, तर अनेक राज्यांत मॉर्गेजधारकाला मिळणारे संरक्षण न देता घर मोटारीसारखे जप्त होऊ शकते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, आणि उपायांबद्दल तर मी अजून बोललोच नाही. तेव्हा थोडक्यात सांगतो.

सरकारी हमीच्या 'टायटल वन' योजनेत भाड्याच्या जागेवरील घरालाही कर्ज मिळते. मात्र भाडेपट्टा सुरुवातीला किमान तीन वर्षांचा असावा आणि तो संपवण्यापूर्वी १८० दिवसांची नोटीस मिळावी, अशी अट आहे. वीस वर्षांच्या कर्जाला तीन वर्षांचा पट्टा पुरेसा मानणे मला पटत नाही. पट्टा कर्जाच्या मुदतीइतका तरी हवा.

न्यू हॅम्पशायरने याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे घर जागेवर बसवून पाणी-वीज जोडली की, जमीन कोणाचीही असो, ते स्थावर मालमत्ता ठरते आणि त्यावर मॉर्गेज देता येते. त्याच राज्यातील मेरेडिथ येथे १९८४ मध्ये रहिवाशांनी सहकारी संस्था काढून, तिथल्या कम्युनिटी लोन फंड या ना-नफा कर्जसंस्थेच्या कर्जातून आपले पार्कच विकत घेतले. आज त्या राज्यात अशी शंभरांहून अधिक पार्के आहेत; जागेचे भाडे सभासद ठरवतात आणि पार्क विकायचे की नाही, हेही तेच ठरवतात. सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत किती वेळ जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. पण कर्ज देणाऱ्याला हवी असलेली जमिनीची शाश्वती त्या सभेतूनच येते.