गरिबाच्या नावाचं ताट

फलकावर लिहिलंय, 'पेरूचं बिस्तेक आणि ते वाढण्याची रीत'. पेरू म्हणजे देश, आणि बिस्तेक म्हणजे मांसाचा भाजलेला काप, स्टेक. मघाशी एका आजींनी विचारलं, फोडी करायच्या की कोशिंबीर! पुढच्या रांगेतल्या शाकाहारी मंडळींनी बिस्तेकच्या जागी मनात काहीही धरावं. तिथे ते गाईगुरांच्या मांसाचंच असतं, त्याला माझा इलाज नाही.

तर लिमा, पेरूची राजधानी. सुरकियोच्या मंडईजवळ एक छोटी खानावळ. चष्मा खोलीवर राहिलेला, त्यामुळे भिंतीवरचे दर दिसेनात, मोठी अक्षरं तेवढी लागत होती. 'बिस्तेक आ लो पोब्रे'. स्पॅनिश मला जेमतेम येतं, पण पोब्रे म्हणजे गरीब हे पक्कं ठाऊक. म्हटलं, गरिबाचं म्हणजे स्वस्त असणार! मागवलं.

आलं काय? पातळ लांबरुंद बिस्तेक, त्यावर दोन तळलेली अंडी, कडा कुरकुरीत आणि बलक थलथलणारा. एका बाजूला बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा ढीग, दुसऱ्या बाजूला पिकल्या केळ्याचे उभे काप, तेही तळलेले. आणि मधोमध भाताची मूद. अहो, खरोखरची मूद, वाटीत दाबून उपडी केलेली! लिमात मला आजोळ आठवलं. शेजारी लिंबू पिळलेला उभा चिरलेला कांदा, त्याला साल्सा क्रिओया म्हणतात. मी आपला अंडी शेवटी खाऊ म्हणून बाजूला सारत होतो, लहानपणी श्रीखंड ठेवायचो तसा. मालकीणबाईंना ते बघवेना. त्या आल्या, माझ्याच काट्याने बलक फोडला आणि भातावर ओघळू दिला. तेव्हा कळलं, या ताटात वरण नाही, बलक हेच वरण. बिल आलं तेव्हा आणखी एक कळलं, की फळ्यावरचा सगळ्यात महाग पदार्थ तोच होता.

यावरून माझा लाडका सिद्धांत. अं? वीस मिनिटं झाली? बरं, बटाट्याचं एवढं सांगतो, ते सोडवत नाही. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. तिथे त्याला केचुआ भाषेतला शब्द आहे, पापा. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा, आणि तो होता रताळ्याचा! युरोपात दोघांची सरमिसळ झाली, पोर्तुगीजांनी तेच नाव आपल्याकडे आणलं. म्हणजे आपण रोज रताळ्याच्या नावाने बटाट्याची भाजी खातो. जगातलं बटाट्याचं मोठं संशोधन केंद्र 1971पासून लिमातच आहे, आणि पेरूत बटाट्याच्या तीन हजारांवर जाती आहेत.

आता सिद्धांत, झटपट. बिस्तेक हा नुसता पाहुणा; ताट भरतं ते भात, बटाटा, केळं आणि अंड्याने. नाव गरिबाचं का पडलं याच्या गोष्टी अनेक, पण माझ्या मते भूक भागवणाऱ्या या चौघांना तिथे मान दिला जातो. याचाच भाऊ लोमो साल्तादो, म्हणजे परतलेलं मांस. 1849 ते 1874 या काळात जवळपास एक लाख चिनी मजूर पेरूत आले. ऊसमळे, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, रेल्वे, सगळीकडे राबले. त्यांची कढई आणि सोया सॉस (तिथे 'सियाओ') पेरूच्या स्वयंपाकात शिरले. भडक आचेवर मांसाचे तुकडे, कांदा, टोमॅटो, पिवळी आही मिरची दोन-तीन मिनिटं परतायची, तळलेले बटाटे शेवटी, आणि पानात पुन्हा भाताची मूद! भातावर बटाटा म्हटलं की आपल्याकडे डॉक्टर डोळे वटारतात. वरून अंडं घातलं तर 'मोंतादो', म्हणजे स्वार झालेलं.

उठतो, उठतो, हार्मोनियमवाले दारात उभे आहेत. काय म्हणालात वहिनी? राजेळी केळी? चालतील की. फक्त पिवळीधमक नकोत, सालीवर काळे डाग पडलेली घ्या.