शेवटचं पान नसलेली पोथी

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

बाहेरच्या फळ्यावर ‘युरोपातील प्रबोधन आणि धर्मसुधारणा : साहित्य, कला, विचार’ असं लिहिलंय. विषय मीच कळवला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण मला दिलेल्या पन्नास मिनिटांतली बारा सत्कारात गेली. शाल आणि नारळ माझ्याच वाट्याला आल्यामुळे तिथेही गप्प बसतो.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. आयुष्यभर प्रुफं तपासली. आधी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छापखान्यात, मग ऑफसेटवर. त्यामुळे माझ्या डोक्यात एक किडा आहे, तो आज तुमच्यापुढे सोडतो. रेनेसान्समधून रिफॉर्मेशन, म्हणजे प्रबोधनातून धर्मसुधारणा निघाली ती प्रूफरीडरांच्या भांडणातून, असं मला वाटतं. हसा. घरीही हसतात.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं समजेल. मी नवीन होतो तेव्हा आमच्याकडे एका लग्नाची पत्रिका आली. छापखान्याचं नाव सांगत नाही, मालकांची मुलं हयात आहेत. पत्रिकेच्या तळाशी मजकूर होता : ‘आहेर घेतला जाणार नाही.’ आमच्या जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, टाइप जरा ठसठशीत घेतला, ‘नाही’ त्या ओळीत मावेना, तो खाली एकटाच गेला. जुळवलेला मजकूर उचलताना ती एका शब्दाची ओळ तिथेच राहिली. प्रूफ माझ्याकडे आलं. मी वधूवरांची नावं तपासली, मुहूर्ताची घटका-पळं तपासली, ‘चि.सौ.कां.’मधली टिंबंसुद्धा मोजली आणि सही ठोकली. चारशे पत्रिका गेल्या : ‘आहेर घेतला जाणार.’

मुलीचे वडील छापखान्यात आले ते चप्पल न काढता. ओरडले नाहीत, तेच वाईट. पत्रिका टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट धरून उभे राहिले. मी मूळ कागद शोधू लागलो, जणू तो सापडला की पोस्टात पडलेली पाकिटं परत येणार होती. पुढे दोन महिने माझ्या पगारातून पैसे कापले गेले.

म्हणून १६३१ साली लंडनमध्ये जे घडलं ते वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास यांनी बायबल छापलं. दहा आज्ञांमधल्या ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला ‘नॉट’ उडाला. उरलं ते प्रत्यक्ष देवाच्या तोंडी : व्यभिचार कर! ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्याचा हुकूम सुटला. तरी काही वाचल्या आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. माझी पत्रिका कोणी जपून ठेवलेली नाही. असो.

आता सोळाव्या शतकातला विद्वान इरॅस्मस. या माणसावर माझा जीव आहे. रॉटरडॅमचा, आईबापाचं लग्न न झालेला, मठात मन न रमलेला, प्रकृतीने किरकिरा. पण १५१६ साली बासेलमध्ये फ्रोबेनच्या छापखान्यातून त्याने ग्रीक नवा करार, म्हणजे बायबलाचा ख्रिस्तानंतरचा भाग, बाहेर काढला. ग्रीकमधला नवा करार छापून बाजारात आलेला हा पहिलाच. हजार वर्षं पश्चिम युरोप लॅटिन भाषांतरावर जगत होता. इरॅस्मस म्हणाला, मूळ बघू या. पण मूळ म्हणजे काय, तर बासेलमध्ये हाताशी होती ती पाच-सात हस्तलिखितं. त्यांतलं शेवटच्या ग्रंथाचं, म्हणजे प्रकटीकरणाचं हस्तलिखित एकच आणि तेही रॉयख्लिन नावाच्या जर्मन पंडिताकडून उसनं आणलेलं. त्याचं शेवटचं पान गायब!

सहा वचनं नाहीत. फ्रोबेनची यंत्रं चालू, मजकूर मागायला माणूस दारात. तुम्ही काय केलं असतं? इरॅस्मसने लॅटिन बायबल उघडलं आणि ती सहा वचनं स्वतःच ग्रीकमध्ये लिहून काढली. मूळ ग्रीक लोकांपुढे ठेवायला बसलेल्या माणसाने शेवट लॅटिनवरून रचला. आणि त्या सहा वचनांत आहे काय? या ग्रंथात जो भर घालील त्याच्यावर देव पीडा घालील, आणि जो यातले शब्द काढील त्याचा वाटा देव काढून घेईल! नेमकी हीच वचनं. मंडळी, अशी जागा कोणी कथेत रचली असती तर मी समासात लिहिलं असतं, ‘अतिरेक, काढा’.

बरं, त्याच्या हाताखालच्या लॅटिनमध्ये एक चूक होती. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ‘जीवनाचं झाड’ आहे. लॅटिनमध्ये झाडाला, लाकडाला ‘लिग्नो’ आणि पुस्तकाला ‘लिब्रो’. कुठल्या तरी लेखनिकाचा हात घसरला आणि झाडाचं पुस्तक झालं. इरॅस्मसने तेच पुस्तक ग्रीकमध्ये नेलं, आणि १६११च्या इंग्रजी बायबलात ते ‘बुक ऑफ लाइफ’ म्हणून विराजमान झालं. पुढे इरॅस्मसनेच कबूल केलं की ही आवृत्ती संपादित करण्यापेक्षा घाईने ढकलली गेली. हे वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. मालकांनी काढायला लावलं.

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे.’ आणि ज्याने धर्मसुधारणा पेटवली त्या मार्टिन लूथरपर्यंत मी अजून पोचलोच नाही. ठीक, पळू या.

सुरुवात लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडितापासून करायला हवी होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दिलं अशी एक सनद होती. १४४० साली व्हाल्लाने तिची लॅटिन भाषा तपासून ती बनावट ठरवली. चौथ्या शतकातल्या रोमन कागदात ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, असा त्याचा सवाल. शिवकालीन सनदेत ‘कलेक्टर’ सापडावा तसं. लूथरच्या हाती हे १५२० मध्ये पडलं आणि त्याचा पोपवरचा उरलासुरला विश्वास उडाला.

त्याआधीचा मुद्दा त्याहून मोठा. लॅटिन बायबलात ख्रिस्त म्हणतो, ‘पेनिटेन्शियाम आगिते’. चर्चने त्याचा अर्थ लावला, पाद्र्यापुढे पापं कबूल करा, प्रायश्चित्त घ्या. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. पैसे घेऊन पापमाफी देण्याविरुद्ध लूथरने मांडलेले १५१७ चे ते ९५ मुद्दे उघडा. पहिले दोन याच शब्दावर आहेत. ते त्याने चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकले की नाही यावर विद्वान अजून भांडतात. मला विचाराल तर खिळ्यापेक्षा शब्द पाहा.

मग लूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपला आणि त्याने नवा करार अकरा आठवड्यांत जर्मनमध्ये आणला. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो श्रद्धेने, अशा एका जागी त्याने ‘केवळ श्रद्धेने’ लिहिलं. ‘केवळ’ मूळात नाही. विरोधक तुटून पडले. १५३० मध्ये त्याने उत्तर दिलं : जर्मन कसं बोलायचं ते लॅटिनला विचारू नका, घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा. एकनाथांचा ‘प्राकृत काय चोरापासुनि झाली’ हा सवाल आठवणारच, आठवू द्या. पण नाथांनी पंढरपूरपासून फारकत घेतली नाही; लूथर रोमपासून तुटला. न्यायमूर्ती रानड्यांपासून आपण आपले संत आणि युरोपातले धर्मसुधारक अशी जोडी लावत आलोत, ती जरा सैल करावी.

फळ्यावर ‘कला’ आहे, म्हणून एकच चित्र. १५२२ च्या सप्टेंबरात तो नवा करार छापला गेला, चित्रकार क्रानाखच्या कार्यशाळेतल्या लाकडी ठशांसह. प्रकटीकरणात येणाऱ्या बॅबिलोनच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट. बोंबाबोंब झाली. डिसेंबरच्या आवृत्तीत त्या ठशांवर पटाशी चालली, मुकुटाचा वरचा भाग छाटला आणि साधा मुकुट उरला. एवढी महागात पडलेली प्रूफदुरुस्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

इंग्लंडच्या विल्यम टिंडलने इंग्रजी भाषांतरात ‘चर्च’ऐवजी ‘मंडळी’, ‘प्रीस्ट’ऐवजी ‘वडीलधारा’ अशा अर्थाचे शब्द घातले. कट्टर कॅथलिक विद्वान थॉमस मोर चवताळला, कारण एवढ्या शब्दांनी अख्खी धर्मसत्ता ढासळते हे त्याला बरोबर कळलं होतं. १५३६ मध्ये टिंडलला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं.

त्याच इंग्लंडातून एक कॅथलिक बाहेर पडला, जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. फादर स्टीफन्स. आपल्या क्रिस्तपुराणाचे, म्हणजे ख्रिस्तावरच्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचे, कर्ते. १६०८ मध्ये त्यांनी वरिष्ठांना लिहिलं, इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत ही फार वर्षांची इच्छा. पण युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे सहाशे साचे ओतावे लागतील. ते जमलं नाही आणि १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं. मराठी ओव्या, रोमन खिळे. आमच्या छापखान्यात देवनागरी खिळे ठेवायच्या केसेसची, म्हणजे खणांच्या पेट्यांची, भिंतभर मांडणी होती, जोडाक्षरांचे खण वर, हात पोचत नसे. नव्या पोराला ते खण पाठ व्हायला वर्ष जाई. फादरांचं ते पत्र मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आपल्या धंद्यातला.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. पहिल्या रांगेतल्या ताई मघापासून खुणेने विचारतायत, त्या लग्नात आहेर आला का? आला हो. भिंतीवरची घड्याळंच सात.