विकत घेतलेला गेम बंद पडतो तेव्हा

नमस्कार मंडळी. आज व्हिडिओ गेम्सबद्दल बोलायचंय. आणि ज्यांना गेम्समधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी लगेच स्टेशन बदलू नका, कारण विषय पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा आहे, तो सगळ्यांच्याच कामाचा आहे.

तशा गेम्सच्या दुनियेत बातम्यांना तोटा नाहीये सध्या. जीटीए ६ हा गाजावाजा झालेला गेम परत पुढे ढकलला, १९ नोव्हेंबर २०२६ वर नेला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही एवढी मोठी कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकायचा सौदा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, घेणाऱ्यांमध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक फंड सगळ्यात पुढे. आणि एक छान बातमी म्हणजे सँडफॉल नावाच्या फ्रान्समधल्या छोट्याशा स्टुडिओनं क्लेअर ऑब्स्क्युर हा आपला पहिलाच गेम काढला आणि २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून तोच निवडला गेला. यातल्या प्रत्येकावर तासभर बोलता येईल. पण मला गेली दोन-तीन वर्षं जी गोष्ट मनातून जात नाहीये ती वेगळीच आहे. लोकांनी विकत घेतलेले गेम बंद पडतायत, म्हणजे मुद्दाम बंद केले जातायत, आणि एकदा बंद झाले की ते कुणालाच खेळता येत नाहीत, पैसे दिलेल्यालाही नाही.

द क्रू नावाचा एक गेम होता. युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये काढला. गाड्यांचा गेम. आख्खी अमेरिका त्यात लहान करून बसवलेली, न्यू यॉर्कहून निघायचं आणि वाळवंट, डोंगर, बर्फ, जंगलं सगळं पार करत दुसऱ्या किनाऱ्याला जायचं, पाऊण तास तरी लागायचा न थांबता. कित्येक लोक रेस वगैरे लावायचेच नाहीत, नुसतं रात्री बसून गाडी चालवायचे. मला यातलं हेच सगळ्यात आवडायचं, कुठं पोचायची घाई नाही, रस्ता संपत नाही. एक कोटीच्या वर लोक खेळले हा गेम. डिसेंबर २०२३ मध्ये तो दुकानांतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर, म्हणजे गेम नेटवरून ज्याला जोडलेला असतो तो कंपनीचा कॉम्प्युटर, बंद. झालं. त्या दिवसापासून गेम सुरू केला की सर्व्हरशी जोडता येत नाही असा निरोप, त्यापलीकडे काही नाही. डिस्क हातात असली तरी तेच. बरं, त्यात एकट्यानं खेळायची मोठी गोष्ट होती, दुसऱ्या कुणाची गरजच नव्हती त्या भागात, पण तोसुद्धा गेला. आणि वर काही लोकांच्या तर खात्यातून लायसन्सही काढून घेतलं गेलं, म्हणजे यादीत नाव दिसतंय पण डाउनलोडसुद्धा होत नाही.

आता हे असं का होतं ते जरा नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं ऑनलाइन गेम म्हणजे बंद होणारच, त्यात काय. तसं नसतं. गेमचे ढोबळमानानं दोन भाग धरा. एक तुमच्या मशीनवर असतो, चित्रं, आवाज, नियंत्रण वगैरे. दुसरा कंपनीच्या सर्व्हरवर. आता त्या सर्व्हरवर काय काय ठेवायचं हे बनवणारे ठरवतात. कधी फक्त खेळाडूंची जोडी लावून देण्याचं काम तिथं असतं, कधी तुमची प्रगती तिथं साठवलेली असते, आणि कधी तर गेममधलं जगच निम्मं तिथून चालतं, रस्त्यावरची इतर गाड्यांची रहदारी, मिशन सुरू व्हायची परवानगी, सगळं. असा सर्व्हर गेला की तुमच्याकडचा भाग नुसता पडून राहतो, त्याला पुढं काय करायचं हे सांगणारंच कोणी नसतं. आणि सर्व्हरचा तो प्रोग्रॅम कंपनी बाहेर देत नाही.

पूर्वी देत होते की! १९९६ मध्ये क्वेक हा गेम आला, तेव्हा सर्व्हर कुणीही आपल्या कॉम्प्युटरवर लावू शकायचं, कॉलेजच्या लॅबमध्ये, ऑफिसात, कुठंही. तीन वर्षांनी तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं त्याचा सोर्स कोडच, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच, मोकळा करून टाकला. आज क्वेक खेळायचा असेल तर खेळता येतो, पंचवीस-तीस वर्षांनी, नव्या मशीनवर, दुसऱ्या माणसाबरोबर. त्यांच्याच डूम या गेमचंही तेच. त्या कंपनीचं पुढं काय झालं, कुणी विकत घेतली, याच्याशी गेम जिवंत असण्याचा काही संबंधच राहिला नाही. मला वाटतं तंत्रज्ञान पुढं गेलं म्हणून गेम मरायला लागले हे साफ खोटं आहे, गेम कसा विकायचा ते बदललं म्हणून मरायला लागले. सर्व्हर आपल्या ताब्यात ठेवला की गेममधल्या गेममध्ये कपडे, गाड्या, सीझन पास विकत राहता येतं, कॉपी रोखता येते, आणि पुढचा भाग काढला की जुना बंद करून लोकांना तिकडं वळवताही येतं.

तर द क्रू बंद झाला आणि रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबवाल्यानं एप्रिल २०२४ मध्ये स्टॉप किलिंग गेम्स अशी मोहीमच काढली. मागणी एवढीच की गेम विकलात तर सर्व्हर बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. सर्व्हर कायम चालवा असं तो म्हणतच नाहीये, हे फार लोक चुकीचं समजतात. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या, आणि त्या किमान सात देशांतून आल्या, तर युरोपियन कमिशनला दखल घेऊन उत्तर द्यावंच लागतं. वर्षाची मुदत. सुरुवातीला सह्या बऱ्या आल्या, मग महिनोन्‌महिने सगळं थंड, शेवटच्या काही आठवड्यांत मोठमोठ्या यूट्यूबवाल्यांनी विषय उचलून धरला आणि जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा पार झाला. ब्रिटनमध्येही वेगळ्या अर्जावर लाखाच्या वर सह्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये संसदेत चर्चा झाली, सरकारनं मात्र कायदा बदलायचा विचार नाही असंच सांगितलं. तरी खेळाडूंच्या तक्रारीवर खासदार उभं राहून बोलतायत हे मी तरी आधी कधी पाहिलं नव्हतं.

कंपन्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी, आणि त्यांचं सगळंच बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांची युरोपातली संघटना म्हणते की लोकांनी खासगी सर्व्हर चालवले तर तिथं कुणी बेकायदेशीर मजकूर टाकला, खेळाडूंचा डेटा फुटला, तर जबाबदार कोण. आणि गेम बनवणं फार महागात जाईल. शिवाय एक अडचण खरी आहे, गेममधल्या गाड्या, गाणी, खेळाडूंची नावं यांचे परवाने ठराविक वर्षांचेच असतात, आणि सर्व्हरच्या आत दुसऱ्या कंपन्यांचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असतं, ते असं फुकट वाटून टाकता येत नाही.

पण परवान्यांचंच घ्या. फोर्झा होरायझन ४ हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला, कारण हेच, गाड्यांचे वगैरे करार संपले. पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा चालू राहिला. म्हणजे विक्री थांबवणं वेगळं आणि विकलेला हिसकावून घेणं वेगळं, परवान्याचं कारण पुढं करून दुसरं करायची गरज नसते.

आणि खरं सांगायचं तर ज्यांना करायचं त्यांनी करूनही दाखवलंय. नॉकआउट सिटी नावाचा चेंडू मारायचा एक मस्त गेम होता, बनवणारे व्हेलन स्टुडिओज, काही फार अवाढव्य कंपनी नव्हे. २०२३ मध्ये त्यांनी सर्व्हर बंद केले, पण जाताना पीसीवाल्यांसाठी खासगी सर्व्हर चालवायची आवृत्ती मोफत देऊन गेले. आज चार दोस्त जमले तर आपला सर्व्हर लावून खेळू शकतात. मला या लोकांचं खूप कौतुक वाटतं, गाशा गुंडाळताना माणसं स्वतःच्या नोकरीच्या काळजीत असतात, त्यात हे काम करून जाणं सोपं नाही. सोनीनं ग्रान टुरिस्मो स्पोर्ट या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये बंद केले तेव्हाही एकट्यानं खेळायचा भाग ऑफलाइन करून दिला होता. आणि युबिसॉफ्टनंच एवढा गदारोळ झाल्यावर द क्रू २ ला ऑफलाइन मोड द्यायचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये दिलाही. मग पहिल्याला का नाही? बनवताना विचार केला नव्हता म्हणून. सगळं इथंच येऊन अडतं, दहा वर्षं झालेल्या गेमचे सांधे उकलायला बसलं की खर्च डोक्यावरून जातो, पण पहिल्या दिवशीच ठरवलं की शेवटी सर्व्हर सुटा करून देता यायला हवा, तर त्याच हिशोबानं सगळी बांधणी होते. म्हणून मला ही मागणी अवाजवी वाटत नाही, फक्त ती पुढच्या गेम्ससाठी आधीपासून सांगायला हवी.

लोक गेमवर किती जीव लावतात हे बाहेरच्याला समजत नाही. सिटी ऑफ हीरोज हा २००४ चा गेम, आपला सुपरहीरो आपण बनवायचा, नाव, पोशाख, ताकद सगळं. २०१२ मध्ये एनसीसॉफ्ट या कंपनीनं तो बंद करायचं जाहीर केलं तेव्हा खेळाडू गेममधल्याच अ‍ॅटलस पार्कच्या चौकात हातात मशाली घेऊन जमले, शेकड्यांनी, सर्व्हर भरून वाहायला लागला एवढे. काही फरक पडला नाही, नोव्हेंबरअखेर गेम बंद. पण या लोकांनी सोडलं नाही बरं का, चाहत्यांनी चालवलेले सर्व्हर २०१९ मध्ये उघड झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या होमकमिंग नावाच्या गटाला एनसीसॉफ्टनंच रीतसर लायसन्स दिलं. अकरा वर्षांनी! कंपनीचं यात काय नुकसान झालं? मला तरी दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला काँकॉर्ड. सोनीचा गेम, वर्षानुवर्षं खपून बनवलेला, २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. सगळ्यांना पैसे परत दिले, ते चांगलंच केलं, पण बनवणारा फायरवॉक स्टुडिओही ऑक्टोबरात बंद झाला आणि त्या माणसांचं काम आता कुठं दाखवायलाही उरलं नाही. कल्पना करा, अ‍ॅनिमेशन करणाऱ्या एखाद्या मुलीनं चार-पाच वर्षं घालवली आणि मुलाखतीत दाखवायला काही जुन्या व्हिडिओ क्लिप. खेळाडूंचं बोलतो आपण, पण बनवणाऱ्यांचंही सगळं पुसलं जातं.

आणि हा फक्त ऑनलाइन गेम्सचा प्रश्न राहिलेला नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास काढला, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. जुनं मशीन शोधा, जुनी कॅसेट शोधा, नाहीतर बेकायदेशीर कॉपी. ग्रंथालयांनी निदान अभ्यासकांना घरबसल्या हे गेम उघडू द्यावेत म्हणून परवानगी मागितली, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं नाही म्हटलं. मला हे फार लागलं, खरंच, कारण मागणारे काही चोर नव्हते.

कायद्यानं एक पाऊल मात्र पुढं टाकलंय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आलाय की ग्राहकाला फक्त लायसन्स देत असाल आणि ते काढून घेता येत असेल तर विकताना तसं स्पष्ट सांगायलाच हवं, नुसतं खरेदी करा असं बटण ठेवून चालणार नाही. नियम लागू व्हायच्या आधीच स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानानं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. बहुतेकांचं लक्ष जात नाही तिच्यावर, बोट सरळ बटणावर जातं. पण ती वाचा.

आणि अजून थोडं बघत जा. गेमच्या पानावर सतत इंटरनेट लागेल असं लिहिलंय का, आणि लागत असेल तर एकट्यानं खेळतानाही लागतं का, हे खेळणाऱ्यांच्या रिव्ह्यूमध्ये पाच मिनिटांत कळतं. जीओजी (GOG) नावाचं ऑनलाइन दुकान आहे, तिथं इन्स्टॉलरची फाइलच उतरवून घेता येते, डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, नसतं, आपल्या हार्ड डिस्कवर ठेवली की ती आपलीच. निन्टेंडोच्या स्विच २ या मशीनचे गेम घेताना डब्यावर गेम की कार्ड असं लिहिलेलं असेल तर आत गेम नाही, फक्त किल्ली आहे, गेम नेटवरूनच उतरवावा लागतो, म्हणजे डबा हातात असला तरी निन्टेंडोचा सर्व्हर आहे तोवरच तो नव्यानं उतरवता येणार. निन्टेंडोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, तेव्हा आधी घेतलेले गेम परत उतरवता येत राहिले, पण तेही कायम राहील असा शब्द कुणी दिलेला नाही. तुमच्याकडे तसं जुनं मशीन कपाटात पडलं असेल तर या आठवड्यात ते चार्ज करा, आणि खरेदीच्या यादीतलं जे उतरवायचं राहिलंय ते आत्ताच उतरवून ठेवा.