वीपुरी गेलं, हेलसिंकी राहिलं

युक्रेनच्या तहाची चर्चा निघाली की हल्ली फिनलंडचं नाव हमखास येतं. कुणी म्हणतं, १९४० मध्ये फिनलंडने जमीन सोडली म्हणून देश वाचला, युक्रेननेही तेच करावं. कुणी म्हणतं, लढला म्हणूनच वाचला. स्कीवरच्या सैनिकांच्या शौर्यकथा तुम्ही यूट्यूबवर पाहिल्या असतीलच, त्या मी सांगत बसत नाही. सोव्हिएत संघ आणि फिनलंडमधल्या त्या १०५ दिवसांच्या युद्धाच्या शेवटी जो तह झाला, त्याच्याकडे बघू.

ऑक्टोबर १९३९. स्टालिनच्या मागण्या वरवर पाहता अवाजवी वाटत नव्हत्या. सरहद्द लेनिनग्रादपासून (आजचं सेंट पीटर्सबर्ग) जेमतेम ३२ किलोमीटरवर होती, ती मागे घ्या. फिनलंडच्या आखाताच्या तोंडावरचं हान्को ३० वर्षं भाड्याने द्या, शिवाय काही बेटं. बदल्यात पूर्व कारेलियात दुपटीएवढी जमीन घ्या. सेनापती मॅनरहाइम आणि वाटाघाटींना गेलेले पासिकिवी या दोघांचंही मत होतं की काहीतरी द्यावं, कारण लढायला साधनसामग्री पुरेशी नव्हती. सरकारने मात्र नकार दिला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एर्क्को यांना तर स्टालिन नुसती हूल देतोय असंच वाटत होतं.

मग द्यायला हवं होतं का? एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाने त्याच सुमारास सोव्हिएत लष्करी तळांना जागा दिल्या होत्या. लढाई टळली. पुढच्या ऑगस्टपर्यंत तिन्ही देश सोव्हिएत संघात जमा झाले होते. फिनलंडचं तसंच झालं असतं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण 'आधीच दिलं असतं तर' म्हणणाऱ्याने या तिघांकडेही बघावं.

३० नोव्हेंबरला हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी सरहद्दीजवळच्या तेरियोकी गावात एक नवं 'फिनिश' सरकार उभं राहिलं. प्रमुख ओटो विले कूसिनेन, अनेक वर्षं मॉस्कोत राहणारे कम्युनिस्ट नेते. २ डिसेंबरला मॉस्कोने त्यांच्याशी मैत्रीचा करारही केला. राष्ट्रसंघात प्रश्न गेला तेव्हा सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हचं उत्तर काय, तर आमचं फिनलंडशी युद्धच नाही, आमचा करार झालाय! म्हणजे हेलसिंकीतल्या सरकारशी कुठल्याही अटींवर बोलायची तयारीच नव्हती.

आणि २९ जानेवारी १९४० ला स्टॉकहोममार्गे मॉस्कोचा निरोप आला की हेलसिंकीच्या सरकारशी बोलायला तत्त्वतः हरकत नाही. कूसिनेन बाजूला पडले. माझ्या मते फिनलंडने युद्धात मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. त्या दिवशी एक इंचही जमीन परत आली नव्हती.

उलट जमिनीचा भाव वाढत गेला. मार्चमध्ये ज्या अटी आल्या त्या ऑक्टोबरच्या मागण्यांपेक्षा कितीतरी कडक होत्या. अख्खी कारेलियन संयोगभूमी, लाडोगा सरोवराचा काठ, हान्को आणि वीपुरी शहर. हे वीपुरी शस्त्रसंधीच्या क्षणापर्यंत फिनिश सैन्याने धरून ठेवलं होतं. चार लाखांवर माणसांनी घरं सोडली. मंत्रिमंडळात प्रधानमंत्री रुती आणि परराष्ट्रमंत्री टॅनर तहाच्या बाजूने, तर संरक्षणमंत्री निउक्कानेन विरोधात. फ्रान्सचे प्रधानमंत्री दालादिए यांनी ५० हजार सैनिक पाठवतो म्हणून सांगितलं. चौकशी केली तर आकडा झरझर खाली आला, आणि नॉर्वे-स्वीडन वाट द्यायला तयार नव्हते. राष्ट्राध्यक्ष काल्लियो तहाच्या अधिकारपत्रावर सही करताना म्हणाले, असल्या कागदावर सही करणारा हात झडून जावो. काही महिन्यांनी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात खरोखरच लुळा पडला. असो.

लोकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सेन्सॉरशिप होती, वर्तमानपत्रांत विजयाच्या बातम्या होत्या. १३ मार्चला टॅनर यांनी रेडिओवर अटी सांगितल्या आणि गावोगावी झेंडे अर्ध्यावर उतरले. युक्रेनमध्ये निदान तहाची चर्चा चारचौघांत चालली आहे, हा मोठाच फरक.

दुसरा फरक मला जास्त काळजीचा वाटतो. २५ फेब्रुवारी २०२२ ला पुतिन यांनी युक्रेनच्या सैन्याला सत्ता हातात घ्यायचं आवाहन केलं होतं. मार्च २०२५ मध्येही ते तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तात्पुरतं प्रशासन आणण्याची भाषा करत होते. म्हणजे कीव्हला तो २९ जानेवारीचा निरोप अजून नीट मिळालेलाच नाही. टीव्हीवर मात्र नकाशा रंगवणं चालू असतं: दोनेत्स्क एवढं, झापोरिझ्झिया तेवढं. फौज किती ठेवायची, पुन्हा हल्ला झाला तर कोण धावून येणार, ही कलमं कंटाळवाणी म्हणून मागे पडतात. इस्तंबूलमध्ये २०२२ च्या वसंतात रशिया-युक्रेन बोलणी अडली त्यात हमीदार देशांचं, म्हणजे युक्रेनच्या सुरक्षेची हमी घेणाऱ्या देशांचं, कलमही होतं. मदतीला यायचं तर सगळ्या हमीदारांची संमती हवी, असा रशियाचा आग्रह; आणि हमीदारांत रशिया स्वतःही!

फिनलंडला तहानंतरही स्वस्थता मिळाली नाही. डिसेंबर १९४० मध्ये काल्लियोंच्या जागी निवडणूक होती, तेव्हा मोलोतोव्हने कोणकोण आम्हाला चालणार नाही त्यांची नावंच कळवली. त्यात मॅनरहाइम होते, टॅनरही होते. निवडून रुती आले. जून १९४१ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, या वेळी फिनलंड जर्मनीच्या बाजूने, आणि १९४४ मध्ये अटी आणखी कडक झाल्या. फिनलंडचं उदाहरण देणारे बहुतेक जण १३ मार्चलाच थांबतात.