कडीवरचा काळा रंग

(दृश्य : वाड्याचा दिंडी दरवाजा, पाऊस, कडीवरून ओघळणारं पाणी)

रोज जिथे हात लागतो, तिथे ही पितळी कडी मधासारखी पिवळी आहे. नक्षीच्या खाचेत तपकिरी, बिजागरीपाशी जवळजवळ काळी. बाजारात ‘अँटिक फिनिश’ म्हणून मिळतं ते याचंच सोंग. नव्या पितळेला रसायनात काळं करायचं, उंचवटे घासायचे, वरून लॅकरचा पारदर्शक थर मारायचा.

पुण्यातली कसबा पेठ. तांबट आळीतली ठोक्यांची लय इथवर ऐकू येते.

(दृश्य : ओसरीवर वर्तमानपत्र, त्यावर कडी, कोयंडा, बिजागऱ्या)

जुनी छटा राखून कडी साफ करायची, तर आधी चुंबक. चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. असला मुलामा घासला की संपला. इथे चुंबक सरळ खाली पडला.

मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. घंगाळातलं पाणी बघा. धूळ, हातांचं तेल, आणि वर्षानुवर्षं नक्षीत अडकलेली पॉलिशची पांढरी पूड. कोपऱ्यातलं हिरवं जंगाल बांबूच्या टोकदार काडीनं निघतं. लोखंडी तार इथे चालत नाही.

चिंच? देवाची भांडी आपण चिंचेनंच घासतो, आणि ती घासावीतच. पण कडी म्हणजे समई नव्हे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट आधी ही जुनी काळसर छटा खातं. फार वेळ राहिलं तर जस्तही काढून घेतं, आणि पितळ गुलाबीसर दिसू लागतं.

अमोनिया असलेली द्रावणंही लांबच ठेवायची. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांची पितळी नळकांडी हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात, तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया भोवत होता. हे कोडं १९२१ मध्ये नीट उलगडलं.

(दृश्य : उन्हात वाळणारी कडी, मेणाची डबी)

आता मधमाशीचं मेण, टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं. कडी उन्हानं जरा तापली असतानाच, बोटावर येईल तेवढंच. थोडं मुरू द्यायचं, मग जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसायचं. लॅकरला ओरखडा पडला की हवा आत शिरते आणि डाग पापुद्र्याखाली पसरतो. मेण झिजलं तर पुन्हा लावता येतं. रोजच्या हाताळणीतल्या कडीला ते अधूनमधून लावावंच लागतं.

(दृश्य : समोरचं दार, चकचकीत कड्या)

या कड्या मशीनवर बफ करून आणल्या. नक्षीची धार गेली.

(दृश्य : स्क्रू बसवणारे हात)

जो स्क्रू ज्या भोकातून निघाला, त्यातच परत. एक मात्र लोखंडी निघाला, मध्ये कधीतरी कुणी बसवलेला. त्याच्या गंजाचा ओघळ कडीवर उतरलाय. स्क्रू पितळी घातला. ओघळाचा डाग राहू दिला.